मला मधली सीट लागते

नवऱ्याने ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधून घेतलेली बाई मोटारसायकलवरून सोलापूरच्या भर सात रस्ता चौकातून जाताना तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती मीच. हसू नका. म्हणजे हसा, आता मीही हसते. पण तेव्हा सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस आधी त्या गाठीकडे बघायचा आणि मग माझ्या तोंडाकडे. मला वाटायचं उतरावं आणि एकेकाला विचारावं, काय हो, कधी बाई बघितली नाही का?

मला फिट येते. लहानपणी एकदोनदा आली होती, मग कितीतरी वर्षं गप्प बसली आणि पस्तिशीला परत उगवली. माझ्या फिटची एक खूण आहे. कधी कधी ती येण्याआधी मला करपलेल्या शेंगदाण्याचा वास येतो. आता सोलापुरात राहून शेंगदाण्याच्या वासाला घाबरायचं म्हणजे रोजच घाबरायचं की. शेजारणीने चटणीसाठी दाणे भाजायला घेतले की आमचे हे अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीतून ओरडायचे, "अगं, तुला वास येतोय का?"

"अहो, तुम्हाला येतोय ना? मग खरा आहे. अंग धुवा आधी."

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात काम करते. शाळेच्या पोरांचे, नर्सबाईंचे, सिक्युरिटी गार्डांचे कपडे आमच्याकडे तयार होतात. मी आत शिरले ती काजं-बटणं करायला, आणि भांडून भांडून पोचले कटिंगच्या टेबलावर. तिथे सगळे पुरुष. पहिल्या दिवशी एकजण म्हणाला, बाईमाणसाला एवढ्या थराचं कापड झेपायचं न्हाय. मी त्याच्याच मापाची पँट कापून त्याला दिली आणि म्हटलं, घाल आणि बघ झेपलं का. तेव्हापासून सगळे मला मास्तर म्हणतात. बाईमास्तर नाही, नुसतं मास्तर. या एका शब्दासाठी मी काय काय केलंय ते माझं मला माहीत.

आणि माझ्याकडे स्कूटर होती. जुळे सोलापुरातून सकाळी निघायचं आणि वाऱ्यावर पदर खोचून थेट कारखान्याच्या फाटकात. तिथेच एक दिवस गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि मी कोसळले. थोडी आधी आली असती तर मी ट्रकच्या मागे होते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

डॉक्टर भला माणूस, पण बोलायला सरळसोट. "गाडी बंद. कायद्याने बंद आणि माझ्या सांगण्यानेही बंद. गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, उंचावर चढायचं नाही, चालत्या मशीनशी खेळायचं नाही."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"बाकी सगळं. बसने जा, रिक्षाने जा, रेल्वेने जा. फलाटाच्या कडेला उभ्या राहू नका. एवढंच."

एवढंच म्हणे! घरी येऊन मी स्कूटर पुसून काढली, आरशासकट, आणि न्हाणीत जाऊन रडले. दुःखापेक्षा राग जास्त होता. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? कारखान्यात कापायचं मशीनही गेलं, पण मालकांनी शहाणपणा दाखवला. म्हणाले, मशीन दुसरा कुणीही चालवेल, पॅटर्न तुमच्याशिवाय कोण काढणार? तेव्हा टेबल राहिलं. प्रश्न उरला फक्त टेबलापर्यंत जायचा.

माझा मावसभाऊ धावत आला. त्याला वाटलं आपण तोडगाच काढला. "ताई, त्या छोट्या बॅटरीच्या गाड्या आल्यात बघ. लायसन लागत न्हाय. कोण विचारतंय तुला?"

"लायसन लागत नाही म्हणून मी पडायची थांबणार आहे का रे? आणि पडताना पुढे एखादं शाळेचं पोर असलं तर त्याला सांगू का, बाबा, ही बॅटरीची आहे?"

मनात मात्र माझ्या येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या गाडीचा रंगही मी ठरवून टाकला होता. पण नाही ती नाहीच.

मग आमच्या ह्यांनी ओढणी काढली. हे शाळेत शिक्षक, शाळा सकाळची. माझं काम दहाला सुरू. म्हणजे मी ह्यांच्याबरोबर पहाटेच उठायचं, ओढणीने बांधून घ्यायचं, ह्यांच्या शाळेत स्टाफरूममध्ये बसायचं, आणि मधल्या सुट्टीत हे मला तसंच बांधून कारखान्यावर सोडणार आणि धापा टाकत परत वर्गावर. स्टाफरूममधल्या बाया मला चहा द्यायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. माझ्यासमोरच हळू बोलायच्या, म्हणजे बघा. एक तर म्हणाली, "किती करतात हो सर तुमचं!" मी म्हटलं, "हो ना. वर्गातली पोरंही रोज त्यांची वाट बघत बसतात."

हे असं किती दिवस चालणार? मुख्याध्यापकांनी ह्यांना बोलावून सांगितलं, सर, तास बुडतोय. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत. ताट पुढे सरकवून म्हणाले, "आता नोकरी सोड. आपलं भागतंय. मी तुला बोललो का कधी? पण हे आता होत नाही माझ्याच्याने."

"तुमच्याच्याने होत नाही तर तुम्ही सोडा. मला बांधून न्यायचं सोडा. मी माझी जाते."

"कशी?"

"रिक्षाने. सगळं सोलापूर जातंय की."

मग जे भांडण झालं ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार, कारण मध्येच त्यांनी टीव्ही बंद केला. शेवटी अट पडली. अट ह्यांची. मी रिक्षाने जायचं, पण रस्त्यात एकदा जरी फिट आली तरी त्या दिवसापासून घरी बसायचं. पुन्हा विषय काढायचा नाही. मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मला पक्कं कळत होतं की ही अट म्हणजे मास्तर या शब्दाला लावलेली शेवटची तारीख आहे. फिट काय मला विचारून येणार होती?

सीटवरच्या रिक्षा तुम्हाला माहीत असतील. तिघं-चौघं अनोळखी माणसं भरायची आणि ठरलेल्या रस्त्याने पळवायची. विजापूर रोडवरून सात रस्त्याला यायचं आणि तिथे बदलून अक्कलकोट रोडची धरायची. या प्रवासात कडेची सीट सगळ्यांना हवी असते, वारा लागतो. मधली कुणालाच नको. मला मधलीच हवी, कारण कडेला बसून मी पडले तर सरळ रस्त्यावर. पहिल्या दिवशी मी सात रस्त्यावर रिक्षात वाकून म्हटलं, "मला मधली सीट लागते."

आत दोन बायका बसलेल्या. त्यातली एक थोराड, पाठीवर जाड वेणी, टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायला जाणारी तेलुगू अक्का. ती म्हणाली, "बस की मग. मधल्या सीटसाठी भांडणारी पयलीच बघितली."

मी बसले आणि रिक्षा सुटायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. लाजायचं नाही असं मी ठरवलंच होतं. "ऐका. मला फिट येते. आली तर घाबरू नका. कुशीवर वळवा. तोंडात चमचा, रुमाल, काही घालू नका. पाणी पाजू नका. कांदा फोडू नका. चप्पल हुंगवलीत तर शुद्धीवर आल्यावर तीच घेऊन मागे लागेन. आपली आपण थांबते. पाच मिनिटांत थांबली नाही तरच दवाखाना."

दुसऱ्या बाजूची बाई उतरली आणि मागच्या रिक्षात जाऊन बसली. रिक्षावाले चाचा आरशातून माझ्याकडे बघत राहिले. पिकलेली दाढी, डोक्यावर टोपी, तोंडात पान. मला वाटलं आता हेही म्हणणार, बाई, उतरा. ते म्हणाले, "मेरी रिक्षा में तो आज तक पेट्रोल खतम हुआ, पंक्चर हुआ. ये नया है. बैठो."

अक्का हसली आणि तिने माझ्या मांडीवर थाप मारली. त्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकात एकटी उतरले. एकटी! कंबर मोकळी. वॉचमनने मागे बघितलं, साहेब कुठायत? मी म्हटलं, शाळेत, शिकवायलेत.

त्यानंतर मी रोज त्याच वेळेला त्याच रिक्षात. अक्का माझी जागा धरून ठेवायची. कुणी मध्ये बसायला लागलं तर म्हणायची, "ती सीट मास्तरची हाय." चाचांना बहुतेक कळलंच नव्हतं की मी कशाची मास्तर, ते मला शाळेची बाई समजून पोरांच्या अभ्यासाचं विचारायचे. संध्याकाळी हे दारात उभे. मी जिना चढताना दिसले की आत जाऊन पेपर उघडायचे, जणू काही बाहेर आलेच नव्हते. मला सगळं दिसायचं. पण अट अटच होती, आणि दोघंही तिच्याबद्दल बोलत नव्हतो.

आणि मग ती आली. गोळी घेतली होती, झोप झाली होती, कारण काही नाही. शांती चौक जवळ आला आणि मला करपलेल्या दाण्याचा वास आला. मी अक्काचं मनगट धरलं. "अक्का, आली," एवढं म्हटलं. पुढचं मी पाहिलेलं नाही, मला सांगितलेलं आहे. चाचांनी सांगितलेलं वेगळं आणि अक्काने सांगितलेलं वेगळं, पण दोन्हींत एवढं सारखं.

चाचांनी रिक्षा थांबवली ती चौकाच्या तोंडाशीच. अक्काने मला कुशीवर वळवून डोकं मांडीवर घेतलं. शाबास. कडेला बसलेल्या कॉलेजच्या मुलीने पाण्याची बाटली उघडली तर अक्काने तिच्या हातावर फटका मारला. चप्पल कुणी काढली नाही. कांदा मागायला कुणी गेलं नाही. मी बजावलेलं सगळं तंतोतंत पाळलं गेलं. पण एक सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. आपल्याकडे फिट आलेल्याच्या हातात लोखंड देतात, ते. किल्ल्यांचा जुडगा, विळा, अडकित्ता, जे सापडेल ते. चाचांनी इकडे तिकडे बघितलं. लोखंडाचं हाताशी काय? त्यांनी रिक्षाची चावी उपसली आणि माझ्या मुठीत कोंबली.

मूठ मिटली. आणि फिटमध्ये मिटलेली मूठ कुणाच्या बापाला उघडत नाही.

चौक तुंबला. मागे एसटी, तिच्या मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, आणि हॉर्न तर विचारू नका. लोक जमले. एकजण ओरडला, दवाखान्यात न्या तिला, बघताय काय? दुसरा म्हणाला, घरी न्या. तिसरा म्हणाला, आधी रिक्षा तर बाजूला घ्या! चाचा दोन्ही हात जोडून म्हणत होते, "कैसे लेऊं? चाबी बाई के हात में है!" ढकलावी म्हटलं तर माझे पाय बाहेर आलेले. ट्रॅफिक पोलीस आला. त्यानेही माझी मूठ उघडायला बघितलं आणि नाद सोडला. अक्का तेवढी शांत, डोळे घड्याळावर. "पाच मिन्ट न्हाय झाले अजून. गप ऱ्हावा सगळे."

रिक्षा चालू असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. दहा जणांचं ऐकून मला कुठेतरी पळवलं असतं, सलाईन लावलं असतं, आमच्या ह्यांना वर्गातून उठवून आणलं असतं, आणि संपलं. पण हलताच येत नव्हतं. त्यामुळे जे करायला पाहिजे होतं तेच झालं, म्हणजे काहीच नाही. मी पडून राहिले आणि ती आपली आपण थांबली.

डोळे उघडले तेव्हा वर पंधरावीस तोंडं. जिभेला चावा बसलेला, डोकं ठणकत होतं, आणि मी कोण, कुठे, काही कळेना. एक पिकली दाढी माझ्यावर वाकून अगदी अजिजीने म्हणत होती, "बाई, चाबी देव. लोगां मारेंगे मेरेकू." मूठ उघडली. तळहातावर चावीचे दाते उमटलेले. ते पाहून मला जरा जरा सगळं जागेवर आलं आणि मी हसायला लागले. तोंडातून रक्त येतंय आणि बाई हसतेय. लोक दोन पावलं मागे सरले.

"चाचा, हे काय केलंत?"

"तुमीच तो बोले! चप्पल मना, प्याज मना, पानी मना. लोहे का नाम लिये क्या? नै लिये की!"

अक्का म्हणाली, "कुठं सोडायचं तुला? घरी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साडी ओली झाली होती, ते मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काने आपल्या पिशवीतला टॉवेल काढून माझ्या कमरेला गुंडाळला. घरी म्हटलं असतं तर कुणी वाईट म्हणालं नसतं. मी म्हटलं, "कारखान्यावर."

रिक्षा निघाली तेव्हा त्या तुंबलेल्या चौकातून कुणीतरी शिट्टी वाजवली. टिंगल होती का शाबासकी, मला माहीत नाही. मी शाबासकी धरली.

कारखान्यात मी कापडाच्या गठ्ठ्यांवर मनसोक्त झोपले. फिटनंतर झोप लागतेच, तिच्याशी भांडायचं नसतं. उठले, आणि कपडे बदलायचे तर घालायचं काय? युनिफॉर्मचा कारखाना! तयार मालात माझ्या मापाचा निघाला फक्त सिक्युरिटी गार्डचा ड्रेस, खिसा वाकडा लागला म्हणून बाजूला काढलेला. निळी पँट, आकाशी शर्ट, खांद्यावर पट्ट्या. तो चढवून मी टेबलाशी उभी राहिले आणि एका नव्या शाळेच्या मुलींच्या पिनाफ्रॉकचा पॅटर्न काढला. ज्याने कधी काळी झेपायचं न्हाय म्हटलं होतं, त्याने येऊन मला कडक सलाम ठोकला. मीही ठोकला.

संध्याकाळी त्याच वेषात, सीटवरच्या रिक्षाने, मधल्या सीटवर बसून परत आले. लपवायचं म्हटलं तरी लपण्यासारखं नव्हतं, आणि मला लपवायचंच नव्हतं. हे दारात उभे होते. मला बघून पेपर वगैरे काही उघडला नाही.

"हे काय घातलंयस?"

"फिट आली होती. सकाळी, शांती चौकात."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. आता माझं ऐका. फिट आली, रिक्षात आली, रस्त्याच्या मध्ये आली. जे जे तुम्हाला वाटत होतं ते सगळं झालं. आणि मी कामाला गेले. झोपले, उठले, पॅटर्न काढला, आणि आत्ता घरी आले. कुणी उचलून आणलं नाही. आता तुम्हीच सांगा, यातलं बंद काय करायचं?"

हे रडायला लागले. पोरांना छडीचा धाक दाखवणारा माणूस, हमसून रडला. म्हणाला, "मी फळ्यावर लिहीत असतो आणि दारात शिपाई आला की माझा हात थांबतो. रोज. मला वाटतं, आली बातमी." मला माहीत नव्हतं हे. मी समजत होते ओढणी मला एकटीलाच बांधलेली आहे. मी त्यांच्या पायाशी बसले, गार्डच्या पँटमध्ये, आणि म्हटलं, "भीती तुमची आहे हो. खरी आहे. पण ती तुम्हाला असू दे, तिच्यासाठी मला घरी नका बसवू." त्यावर ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. जेवलो आणि झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा हे शाळेला निघाले होते. चपला घालत होते. मी पडूनच ऐकत होते, आता हा माणूस काय बोलतो. जपून जा म्हणेल, पोचल्यावर फोन कर म्हणेल, नाहीतर आज नको जाऊस म्हणेल. ह्यांनी दार उघडलं आणि मागे न बघता म्हणाले, "संध्याकाळी येताना कोथिंबीर घेऊन ये. संपलीय."

फिट सुरू झाल्यापासून मला कुणी बाहेरून काही आणायला सांगितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही. जे आजारी असतात त्यांना आणून देतात, त्यांना आणायला सांगत नाहीत. मी अंथरुणात उठून बसले आणि मोठ्याने म्हटलं, "आणते!" जिन्यात त्यांची पावलं थांबली, मग पुढे गेली.

संध्याकाळी मंडईत उतरून मी कोथिंबीर घेतली. एक जुडी घ्यायची होती, चार घेतल्या. मग मेथी घेतली, शेपू घेतला, हे शेपू खात नाहीत तरी घेतला. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढले आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात सगळं कोंबलं.

"अगं, एवढी कशाला?" हे म्हणाले.

"निवडा आता बसून," मी म्हटलं. "मी दमून आलेय कामावरून."